वेळ आली नव्हती, म्हणून काय झाले?

मैत्रिणींनो, गाडी थोडक्यात वाचली की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती." देवापुढे साखर ठेवली जाते आणि विषय संपतो. माझे म्हणणे असे, की विषय खरा तिथून सुरू व्हायला हवा.

आपल्या घोडेगावहून मंचरला गेले की पुणे-नाशिक महामार्ग लागतो. याच महामार्गावर नारायणगावजवळ १७ जानेवारी २०२५ रोजी एका प्रवासी गाडीला मागून टेम्पोची धडक बसली, ती उभ्या एस.टी.वर आदळली आणि नऊ जण गेले. अशी बातमी आली की आपण नशिबाला, नाहीतर रस्त्याला बोल लावतो. रस्ते वाईट असतात हे खरेच. पण २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर दगावली, आणि सरकारी अहवालाप्रमाणे त्यांतल्या शंभरातल्या एकाहत्तर मृत्यूंमागे अतिवेग होता. वेग वाढवतो तो पाय, पण पायाला हुकूम सोडते ते मन!

हे मन फसते कसे? दूध गॅसवर ठेवून आपण अंगणात जातो. एकदा उतू गेले नाही की दुसऱ्यांदा शेजारणीच्या दारापर्यंत जातो. गाडीचेही तसेच. वळणावर ओव्हरटेक केला, काही झाले नाही. मनाने धडा घेतला, "जमतं आपल्याला!" दहादा जमले की त्याची सवय होते. म्हणजे थोडक्यात वाचणे हा खरा तर इशारा असतो. मन मात्र ते शाबासकी म्हणून खिशात टाकते.

दुसरी गोष्ट मानापमानाची. कुणी पुढे काढली की काही पुरुषांना तो अपमान वाटतो. घरातली कुरबुर, साहेबांची बोलणी, सगळे त्या ॲक्सिलरेटरवर उतरते.

तिसरी झोप. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतर शरीर आपोआप सुस्तावते. सरळसोट रस्त्यावर तर डोळे उघडे असूनही मन पेंगते. समृद्धी महामार्गावरच्या अपघातांच्या बाबतीत नागपूरच्या अभ्यासकांनी या रस्त्याच्या गुंगीवरही बोट ठेवले आहे. यात्रा आटोपून रात्रीच मुंबईला निघणाऱ्या आपल्या चाकरमान्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि चौथा मोबाइल. शाळेत मुलांना मी हे गणित घालते : ताशी साठ किलोमीटर वेगाची गाडी पाच सेकंदांत किती जाईल? उत्तर ८३ मीटर. फोनकडे पाच सेकंद पाहिले, तर तेवढे अंतर डोळे मिटून गेल्यासारखेच की!

मागे बसणाऱ्यांचेही मन फसते बरं का. "मागं कशाला हवा पट्टा?" ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी महागडी, वेळ भर दुपारची. मागे पट्टा न लावता बसलेले दोघेही, मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, गेले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. तेव्हा मांडीवर मूल घेऊन पुढच्या सीटवर बसणाऱ्या मैत्रिणीला माझे सांगणे आहे, की धडकेच्या वेळी आईची मिठीसुद्धा अपुरी पडते.

आता आपण काय करायचे? एवढे करून पाहा.

गाडी चालवणाऱ्याला फोन करू नका. "चहाला थांबलात की तुम्हीच करा," असे निघतानाच सांगून ठेवा. त्यासाठी जिवाला थोडा घोर लागला तरी चालेल.

लग्नाला जाताना "मुहूर्त चुकेल, चला लवकर" असा धोशा लावू नका. अर्धा तास आधी निघा. तरीही उशीर झालाच, तर अक्षता चुकल्या म्हणून कुणी रागावत नाही.

रात्री उशीर झाला तर अंथरूण घाला आणि पाहुण्याला ठेवून घ्या. आग्रह जेवणाचा करतो, तसा मुक्कामाचाही करावा.

चालत्या गाडीत भांडू नका. चिडलेला माणूस वेग वाढवतो. बोलायचे ते घरी, शांतपणे बोला. थोडक्यात वाचल्याचे कुणी कौतुकाने सांगू लागले, तर विचारा, "पण तेव्हा तुमची गाडी किती वेगात होती?" राग येईल, येऊ दे. प्रश्न डोक्यात राहील.

आणि गाडी सुरू होण्याआधी मागच्या सीटवरून आपणच म्हणायचे, "थांबा, सगळ्यांचे पट्टे लागू देत." घरात सगळ्यांना वाढल्याशिवाय आपण घास घेत नाही ना? तसेच हे.