पाझर गढूळ होण्याआधी

जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाकडे आपण टीएमसी आणि दरवाजे यांच्या हिशेबाने बघतो. साठा किती टक्के झाला, २७ पैकी किती दरवाजे उघडले, यावर पावसाळाभर बातम्या चालतात. पैठणला गोदावरी अडवली आहे ती मात्र मुख्यतः सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या मातीच्या भरावाने. या भरावाच्या जिवावर पायथ्याचे १२ मेगावॉटचे वीजगृह उभे आहे, कालवे वाहतात आणि छत्रपती संभाजीनगरच्या नळांना, कारखान्यांना पाणी मिळते. त्याच्या निगराणीचा पैसा धरणाच्याच कमाईतून, वेगळा बाजूला काढून ठेवलेला असावा, एवढीच साधी मागणी आहे.

मातीचे धरण झिरपते. तसे ते बांधलेलेच असते. पायथ्याच्या चरातून नितळ पाणी ठरावीक मापाने येत असेल तर काळजीचे कारण नाही. तेच पाणी गढूळ झाले, की आतली माती वाहू लागली असे समजावे. उतारावर वाढलेली बाभूळ तोडली तरी मुळे आत कुजतात आणि पाण्याला वाट करून देतात. हे सारे दिसते ते भरावावरून रोज चालत जाणाऱ्या माणसाला. नेमके त्याचेच पद रिकामे ठेवणे सरकारला सर्वांत सोपे जाते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले ते काम पुरे होण्याआधीच पाणी साठवल्यामुळे. २०१९ ची गोष्ट मात्र निगराणीची आहे: चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तत्कालीन मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला. खेकडे मातीत बिळे करतातच, ती वेळेत बुजवायला माणूस लागतो.

यावर उत्तर येते की २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक आहे. खरे आहे. देखभालीसाठी पुरेसा निधी राखून ठेवावा, असेही तो कायदा सांगतो. पण 'पुरेसा' म्हणजे किती, हे शेवटी अर्थसंकल्पातल्या ओढाताणीतच ठरते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: यातून शेतकऱ्याची पाणीपट्टी वाढेल. वाढवायचे कारण नाही. ठोक पाण्याचे दर ठरवताना देखभालीचा खर्च धरला जातोच. वसूल झालेली ती रक्कम आणि विजेच्या उत्पन्नातला वाटा त्या भरावापर्यंत पोहोचला पाहिजे. तिवऱ्यासारख्या छोट्या धरणांना स्वतःची कमाई नसते, तिथे मोठ्या धरणांच्या निधीतून हिस्सा काढावा लागेल. निगराणी होते की नाही, हे लोकांनाही दिसले पाहिजे. गोदावरीच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचे की नाही, हे ठरवण्यासाठी १५ ऑक्टोबरला जायकवाडीच्या साठ्याचा आकडा काढतात आणि त्यावरून नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असा वाद पेटतो. त्याच दिवशी पायथ्याच्या चरातल्या पाझराचे मापही जाहीर करायला काय हरकत आहे?