मनोऱ्यावरची दूरचित्रवाणी आणि तिचे वर्गणीदार

उपग्रह नाही, तारही नाही. जवळच्या मनोऱ्यावरून साध्या अँटेनाला पोचणारी डिजिटल दूरचित्रवाणी वर्गणी घेऊन चालवता येईल काय? ट्रायने २०१७ साली या क्षेत्रात खाजगी कंपन्यांना वाव द्यावा अशी शिफारस केली, तेव्हापासून हा प्रश्न अधूनमधून डोके वर काढतो. त्याआधी, २०१६ च्या फेब्रुवारीत, दूरदर्शनने मुंबई, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) यांसह सोळा शहरांत हीच सेवा फुकट सुरू केली होती. तरी ती फारशा घरांत शिरली नाही, कारण जुन्या संचाला निराळा डबा जोडावा लागे.

विलायतेतला अनुभव पाहण्याजोगा आहे. तेथे १९९८ च्या नोव्हेंबरात ऑनडिजिटल निघाली. पुढे तिचे नाव आयटीव्ही डिजिटल झाले. फुटबॉल लीगचे सामने तिने तीन वर्षांसाठी साडेएकतीस कोटी पौंडांना घेतले. (एवढ्या पैशांत आमच्याकडची किती गायनशाळा चालली असती!) मनोऱ्याचा जोर कमी पडला, उपग्रहवाला प्रतिस्पर्धी डबा फुकट वाटू लागला, आणि २००२ च्या मे महिन्यात दुकान मिटले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच लहरींवर फ्रीव्ह्यू ही बिनवर्गणीची सेवा आली. ती मात्र टिकली.

माझे वडील दरबारी गवई. दरबारात श्रोत्याला तिकीट नसे, बिदागी खजिन्यातून येई. ते सांगत, ज्या गावी उत्सवात देवळात फुकट गाणे होते, तेथे तिकिटाचा जलसा बसवणे कठीण.

आमच्या कंग्राळीत ते देवळातले गाणे म्हणजे फ्री डिश. २००४ साली निघालेली ही दूरदर्शनची सेवा एकदा थाळी बसवली की महिन्याला काही मागत नाही, आणि सह्याद्री वाहिनी सुखाने घरात येते. उपग्रहाला राज्याची हद्द ठाऊक नाही. मनोऱ्याचे तसे नाही. त्याची धाव काही कोसांची, वाहिन्यांना जागा मोजकी. उद्या बेळगावात असा खाजगी मनोरा उभा राहिला, तर कंपनी सबंध जिल्ह्याची डोकी मोजील; त्या मोजणीत मराठी घरे थोडी, म्हणून मराठी वाहिन्या बहुधा शेवटी. म्हणजे आज फुकट मिळते त्याहून कमी मराठी, तेही पैसे मोजून! परवाना देतानाच स्थानिक अल्पसंख्य भाषांसाठी जागा राखून ठेवण्याची अट घातली गेली, तर मी वर्गणीचा विचार करीन. तोवर माझ्या छपरावरची थाळी मी काढणार नाही.