धक्का लागणें आणि धक्का देणें

गेल्या हिवाळ्यांत आमच्या वहिनी कॅनडांत आपल्या लेकीकडे राहावयास गेल्या होत्या. त्यांचा नातू अकरा वर्षांचा. तो तेथील मुलांच्या संघांत बर्फावरील हॉकी खेळतो. एका रविवारीं सामना पाहून परततांच वहिनींनीं आम्हांस दूरध्वनी केला, तो थेट तक्रारीच्या सुरांत. "अहो भाऊजी, येथें म्हणे अंगावर जाण्यास बंदी आहे. मग त्या दांडग्या मुलाच्या खांद्यानें आमचें पोर कठड्यापाशीं आपटलें, तरी पंच ढिम्म! आणि पुढें ह्यानें कोणाला नुसता खांदा लावला, तर ह्यालाच दोन मिनिटें बाहेर बसविलें. हा कुठला न्याय?" मुलाला खेळांतून काढून घ्यावें कीं काय, असा विचार घरांत सुरू झाला होता.

हा खेळ आपल्याकडील हॉकीहून वेगळा. मैदान गोठविलेल्या पाण्याचें, पायांत पात्यांचे बूट, आणि चेंडूऐवजीं 'पक' नांवाची तीन इंच व्यासाची, एक इंच जाड रबराची चकती. भोंवतीं कठडा. प्रत्येक पक्षाचे पांच खेळाडू व एक गोलरक्षक एका वेळीं बर्फावर असतात. घसरत्या पायांनीं वेगानें जाणारीं दहा मुलें एका चकतीच्या मागें लागलीं, कीं अंगाला अंग लागणारच. मोठ्या पुरुषांच्या खेळांत ह्याहून पुढें जाऊन, ज्याच्याजवळ चकती आहे त्यास खांद्यानें किंवा कमरेनें धडक देऊन चकतीपासून दूर करण्याची मुभा असते. ह्या धडकेस तिकडे 'बॉडी चेकिंग' म्हणतात. लहान मुलांच्या खेळांत मना आहे ती ही धडक. स्पर्श मना नाहीं. वहिनींची गल्लत येथेंच झाली होती, आणि ती पुष्कळ पालकांची होते.

हा भेद आपल्या भाषेस नवा नाहीं. जत्रेच्या गर्दींत कोणाचा धक्का लागला, तर आपण मागें वळून पाहतों आणि पुढें चालूं लागतों. कोणीं धक्का दिला, तर मात्र त्यास जाब विचारतों. अडचण एवढीच, कीं पंचाला मुलाच्या मनांत शिरतां येत नाहीं. त्याला दिसतें तें मुलाचें अंग, त्याची काठी आणि त्याची दिशा. म्हणून हेतूची परीक्षा ह्या दिसणाऱ्या खुणांवरूनच करावी लागते.

पहिली खूण दिशेची. दोघेही एकाच दिशेनें चकतीकडे जात असतां खांद्यास खांदा घासला, तर तो स्पर्श होय. समोरून किंवा आडवें येऊन कोणी अंगावर चाल केली, तर ती धडक. दुसरी खूण काठीची. ज्याची काठी खालीं बर्फावर चकतीच्या शोधांत आहे, तो चकतीसाठीं झगडत आहे; काठी विसरून खांदा किंवा कंबर पुढें काढणारा माणसासाठीं आला आहे. तिसरी खूण जागेची. ज्यानें आपली जागा आधीं धरली, त्यानें समोरच्यास वाट करून देण्याचें कारण नाहीं. चकती घेऊन येणारा आपण होऊन त्याच्यावर आदळला, तर दोष उभ्या असलेल्याचा नव्हे. परंतु ऐन वेळीं पुढें सरून त्यानें आपलें अंग दुसऱ्यावर लोटलें, तर दोष लागतो. आणि कोणी पडला कीं नाहीं, ही खूण मुळींच नव्हे.

आम्हीं वहिनींस दोन्ही प्रसंग सावकाश सांगावयास लाविले. पहिल्या प्रसंगीं सुटलेल्या चकतीमागें दोन्ही मुलें बरोबरीनें कठड्याकडे गेलीं होतीं. दोघांच्याही काठ्या चकतीवर होत्या. आपल्या नातवाचा तोल गेला. दुसऱ्या वेळीं चकती घेऊन येणाऱ्या मुलावर हा आडवा गेला आणि खांदा मारला. चकती कोठें गेली इकडे त्याचें लक्षच नव्हतें. सांगतां सांगतां वहिनी मध्येंच थांबल्या. "म्हणजे पंचाचें बरोबरच होतें म्हणायचें," असें त्या जरा नाराजीनेंच म्हणाल्या.

हा नियम केवळ हळवेपणानें केलेला नाहीं. कॅनडांतील अल्बर्टा प्रांतांत ११–१२ वर्षांच्या मुलांस धडकेची मुभा होती, क्वेबेक प्रांतांत नव्हती. दोन्हीकडील मुलांची तुलना करणारें संशोधन २०१० सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत धडकेच्या खेळांत सामन्यांतील दुखापतींचा आणि मेंदूस हिसका बसण्याचा धोका तिपटीहून अधिक आढळला. पुढें २०११ सालीं अमेरिकेच्या व २०१३ सालीं कॅनडाच्या राष्ट्रीय संस्थेनें ह्या वयोगटांतून धडक काढून टाकली. मागून ढकलणें किंवा डोक्यावर आघात करणें तर तेथील मोठ्या मुलांच्या खेळांतही दंडास पात्र आहे.

मग स्पर्शही कां काढूं नये, असें एखादी आई विचारील. तो काढतां येत नाहीं, आणि येत असता तरी काढणें हिताचें नव्हे. गुडघे वांकवून, मान वर ठेवून, दुसऱ्याच्या अंगाचा भार सोसत चकती राखणें हें मुलानें लहानपणींच शिकावें लागतें. तें न शिकलेलें मूल पुढें धडकेच्या खेळांत गेलें, तर त्याचे हाल होतात.

ज्यांचीं मुलें-नातवंडें परदेशीं हा खेळ खेळतात, त्या वाचकांस आमचें इतकेंच सांगणें आहे. प्रत्येक स्पर्शास 'अन्याय' म्हणून ओरडूं नये. त्यानें मूल भित्रें होतें. तसेंच आपल्या मुलानें दुसऱ्यास लोळविलें म्हणून टाळ्याही पिटूं नयेत. पलीकडच्या बाकावर त्या मुलाची आजी बसलेली असते. सामना संपल्यावर मुलाला एकच विचारावें: "तेव्हां तुझें लक्ष कोठें होतें, चकतीकडे कीं त्याच्याकडे?" वहिनींनीं त्याच रात्रीं नातवास हें विचारलें. बराच वेळ तो गप्प होता, मग म्हणाला, "त्याच्याकडे." त्याला खेळांतून काढण्याचा विषय पुन्हा निघाला नाहीं.