कानातली शिट्टी

मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात. आठवडाभर खडखडाटात वाढलेल्या आम्हा पोरांना त्या दिवशी गल्ली सुनी सुनी वाटायची. अब्बा मात्र नेमके त्याच दिवशी चिडचिडे असत. दुपारी जेवून आडवे झाले की लगेच उठून बसत आणि विचारत, "कुकर लावलाय का कोणी?" कुकर लावलेला नसे. आम्ही भावंडे तोंड दाबून हसायचो. आज पन्नाशी ओलांडल्यावर तीच शिट्टी आमच्या दोन्ही कानांत वाजते आहे, आणि त्या हसण्याची लाज वाटते.

बाहेर आवाज नसताना कानात शिट्टी, भुंगा किंवा रातकिडे ऐकू येणे, याला डॉक्टर टिनिटस म्हणतात, युनानी हकीम तनीन. हा वेडाचा प्रकार नाही आणि भासही नाही. वयाने किंवा गोंगाटाने आतल्या कानातल्या नाजूक पेशी मरतात, बारीक आवाज मेंदूपर्यंत पोहोचत नाहीत, आणि मग मेंदू रेडिओचे बटण पिळावे तशी आपलीच संवेदना वाढवतो, असे तज्ज्ञ मानतात. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी चांगले ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवले. त्यांपैकी ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आला! म्हणजे शांतता हे यावर औषध नव्हे. कानात कापूस कोंबून झोपणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

आम्ही ध्यानात घेतले नाही. कापूस झाला, मग खाला लसूण कडकडवलेले तेल घेऊन आल्या. त्यांच्या मायेपुढे नाही म्हणवेना. लहानपणी कान फुटला होता आणि पडद्याला बारीक छिद्र राहिले होते, हे आम्हाला कुठे ठाऊक? तीन आठवडे कान वाहिला. शिट्टी होती तिथेच. तेव्हापासून आमच्या घरात कानात तेल, कांद्याचा रस, हेअरपिन, काडी, काहीही जात नाही. मेणबत्ती लावून मळ ओढण्याचा जो खेळ चालतो, त्यात मळ निघत नाही, भाजते मात्र. जिंकोच्या गोळ्या आणि जस्त यांचा फायदा सिद्ध झालेला नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत ती देऊ नयेत असेच म्हटले आहे. पैसे वाचवा.

घरी करण्यासारखे आहे ते आवाजाचेच. थंडीत पंखा बंद झाला की आमची शिट्टी दुप्पट होई, यावरून आम्हाला हे उमगले. नंतर वाचले की पावेल यास्त्रेबॉफ या शास्त्रज्ञाने १९९० मध्ये याच धर्तीवर विचार मांडला होता. मेंदूला तो आवाज बिनमहत्त्वाचा वाटू लागला, की तो त्याच्याकडे लक्ष देणे सोडतो. म्हणून रात्री मोबाइलवर पावसाचा किंवा नदीचा आवाज लावावा, पण उशापासून दूर आणि हळू. शिट्टी त्यात पूर्ण बुडवायची नाही, ती थोडी ऐकू येत राहिली पाहिजे. सगळी झाकली तर मेंदूला सवय कशाची होणार? एका रात्रीत काही होत नाही. आम्हाला चार महिने लागले, आणि शिट्टी गेली नाही, फक्त तिच्याकडे लक्ष जायचे कमी झाले.

तिलावत लावून झोपावे का, असे एका भगिनीने विचारले आहे. तिलावत लक्ष देऊनच ऐकायची असते. बातम्या, गाणी यांतही मन शब्दांमागे धावते आणि झोप लांबते. झोपेसाठी बिनशब्दांचा आवाजच बरा. इअरफोन तर नकोच.

आता ज्यांनी घरी बसूच नये अशांबद्दल. एकाच कानात आवाज, नाडीच्या ठोक्याबरोबर धप धप, सोबत चक्कर, किंवा एकाएकी ऐकू येईनासे होणे. शेवटच्या बाबतीत त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, उशीर झाला तर ऐकणे परत येईलच असे नाही. एरवीही एकदा तपासणी हवीच, कारण कधी नुसता मळ अडकलेला असतो, तर कधी ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांचा मोठा डोस कारण असतो. अशी गोळी स्वतः बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. मुंबईत वांद्र्याला, महाराष्ट्राचे एकेकाळचे राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून श्रवणाचेच काम करते. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानेही शिट्टी मागे सरते. चष्मा लावायला लाजत नाही, मग यंत्राला का लाजावे, हे आम्हाला कळत नाही. (आम्हीही वर्षभर लाजलो, ते वेगळे.)

अब्बांना यातले काही मिळाले नाही. शुक्रवारची दुपार ते चौकातल्या चहाच्या टपरीवर काढत, भट्टीच्या आणि गिऱ्हाइकांच्या गलक्यात. घरात करमत नाही, असे अम्मी म्हणायच्या. आमच्याकडे आता डिसेंबरातही पंखा चालू असतो आणि बेगम दोन रजया घेऊन झोपतात.