किंमत राफेलची, हिशेब इंजिनाचा

राफेलच्या खरेदीवरून आपल्याकडे रणे माजली. २००७ साली १२६ विमानांसाठी निविदा निघाल्या, २०१५ साली तो बेत गुंडाळून ३६ तयार विमाने घेण्याचे ठरले, २०१६ साली करारावर सह्या झाल्या. एका विमानाची किंमत किती आणि भारतीय भागीदार कोण, यावर संसद दणाणली. हे प्रश्न गैर नव्हेत. पण लढाऊ विमानाचे इंजिन आपल्याला का करता येत नाही, हा प्रश्न त्या गदारोळात बुडून गेला. माझ्या मते खरा घोटाळा तिथे आहे. तो कोणा एका पक्षाचा नाही, म्हणूनच त्यावर कोणी ओरडत नाही!

मरुत आठवते का? जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला घडलेले हे विमान १७ जून १९६१ रोजी उडाले. आखणी ध्वनीच्या दुप्पट वेगाची होती. त्यासाठी लागणारे ऑर्फियस इंजिनाचे अधिक शक्तिमान रूप ब्रिटिश कंपनी विकसित करू शकत होती. मात्र खर्च भारताने सोसायला हवा होता. सरकारने हात आखडता घेतला. मग हाताशी असलेले कमी ताकदीचे इंजिन बसवूनच १४७ मरुत बांधली गेली. १९७१च्या युद्धात राजस्थान आघाडीवर त्यांनी उत्तम कामगिरी बजावली, तरी देह वाघाचा आणि दम सशाचा, हे दुखणे अखेरपर्यंत राहिले.

यावर ठरलेले उत्तर येते: परदेशी विमाने आणली म्हणून तर तंत्रज्ञान आले. खरे आहे, ओझरला मिग-२१ बांधले गेले, कोरापुटला त्याचे इंजिन. आणि तिथल्या कारागिरांच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही. परंतु परवाना इंजिनाचे पाते कसे घडवायचे ते सांगतो, ते तसेच का घडवायचे ते सांगत नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाले. सहा दशकांच्या त्या सहवासातून आपले इंजिन काही निघाले नाही. १९८९ साली हाती घेतलेले कावेरी रखडले. तेजस २००१ साली उडाले ते अमेरिकी एफ-४०४ इंजिनावर, आणि २०२१ साली मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले यायला मार्च २०२५ उजाडला.

गंमत अशी की १९८६ साली राफेलचा पहिला नमुना उडाला तोही याच एफ-४०४वर. फ्रेंचांना उसन्या इंजिनाची लाज वाटली नाही. त्यांनी ते टेकू म्हणून वापरले. १९९० साली त्याच नमुन्यावर त्यांनी स्वतःचे एम-८८ चढवले. १९८५ साली फ्रान्स युरोपीय लढाऊ विमानाच्या भागीदारीतून बाहेर पडला, त्यामागेही इतर कारणांबरोबर आपलेच इंजिन हवे हा हट्ट होताच. त्या हट्टाचे मोल आज आपण मोजतो आहोत: एप्रिल २०२५मध्ये नौदलासाठी आणखी २६ राफेल, सुमारे ६३,००० कोटी रुपयांना. त्यात इंजिनाचा वाटा किती, हे सभागृहात उभे राहून विचारणारा खासदार मला अजून दिसायचा आहे.