गाळणं आमचं, विहीर कुणाची?

दशलक्षण पर्वात, शिबिरात, पाठशाळेच्या बक्षीस समारंभात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पाणी गाळून प्या असं आपल्या धर्मानं केव्हाच सांगितलं, विज्ञान आता कुठं तिथं पोचतंय." पुरावा म्हणून नारूचं नाव घेतलं जातं. समोर बसलेल्या आम्ही बायका माना डोलावतो. मला या वाक्याशी भांडायचं आहे. त्यातलं अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर आपण फुकटचा मोठेपणा मिरवतो आहोत.

खरं काय ते आधी सांगते. आजच्या सुनांनी नारू पाहिलेला नाही. साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव असतो. त्याच्या पोटात नारूची अळी असली आणि ते पाणी कुणी प्यायलं, की सायक्लॉप्स मरतो, अळी मात्र जगते. साधारण वर्षभरानं जवळजवळ मीटरभर लांब वाढलेली मादी, बहुतेक वेळा पायाला, फोड आणून बाहेर डोकावते. आगीचा डोंब उसळतो. माणूस गारव्यासाठी पाय पाण्यात घालतो, आणि त्याच क्षणी मादी असंख्य अळ्या पाण्यात सोडते. त्या सायक्लॉप्स खातो. फेरा पुन्हा सुरू. यावर औषध नाही, लस नाही. जंत काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजून चिघळायचा. ऐन शेतीच्या दिवसांत माणूस अंथरुणाला खिळायचा. दुहेरी कापडातून पाणी गाळलं की सायक्लॉप्स कापडावर राहतो. म्हणजे आपलं गाळणं नारू अडवतं, हे कबूल.

पण मग जिवाणीचं काय? गाळण्यावर राहिलेले जीव आपण फेकत नाही. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत हलक्या हातानं परत सोडतो. जीवदयेच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. नियम जिवांसाठी होता, आपल्या पोटासाठी नव्हताच. पण आरोग्याचा हिशेब मांडायचाच असेल, तर तो पुरता मांडा. आपल्या घागरीतून काढलेले सायक्लॉप्स पुन्हा बारवेत गेले. पाठोपाठ आलेल्या मजूर बाईनं तेच पाणी न गाळता भरलं. आपलं घर वाचलं, गाव तिथंच राहिलं. शेतावर राबणाऱ्या गड्याच्या घरी एक गाळणं नेऊन द्यावं, ते कसं वापरायचं ते सांगावं, असं आपल्यापैकी कितीजणींना सुचलं असेल? आपण ते "आपल्यातलं" म्हणून सोवळ्यात ठेवलं. वर आता म्हणतो, आम्ही जगाला शिकवलं!

नारू भारतातून गेला तो प्रवचनांनी गेला नाही. १९८३-८४ मध्ये सरकारनं त्याच्या निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात, आंध्र, राजस्थान इथली गावं धुंडाळली. घरोघर गाळण्याचं कापड पोचवलं, हातपंप बसवले, पायऱ्यांच्या विहिरी बुजवल्या किंवा कठडा बांधून रहाटाच्या केल्या. नारू झालेल्यानं पाण्यात पाय घालू नये, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला, आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. जगात १९८६ च्या सुमारास वर्षाला अंदाजे पस्तीस लाख लोकांना नारू होत होता. २०२३ मध्ये रुग्ण उरले १४. आफ्रिकेतल्या खेड्यांतही बायांच्या हाती गाळण्याचं कापडच दिलं गेलं. फरक एवढाच, की ते सगळ्यांना दिलं गेलं.

इथं कुणी म्हणेल, "त्या कार्यक्रमात विहिरीत अबेट औषध टाकून सायक्लॉप्स मारले, ती हिंसा नव्हे का?" होय, हिंसाच. म्हणूनच कठडा मला महत्त्वाचा वाटतो. कठडा कुणाला मारत नाही. दुखरा पाय पाण्यापर्यंत पोचत नाही, एवढंच तो करतो, आणि नारूची वाट बंद होते. अहिंसा पाळणाऱ्या समाजानं तर पायऱ्या बंद करून रहाट बसवायला सगळ्यांच्या पुढे असायला हवं होतं. एका बांधकामात माणूसही वाचला असता आणि सायक्लॉप्सही.

आणखी एक. गाळलेल्या पाण्याची मुदत दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं. म्हणजे दिवसातून कितीदा तरी गाळायचं, गाळणं धुवायचं, वाळवायचं, विरलं की बदलायचं, जिवाणी विहिरीवर न्यायची. हे पिढ्यान्‌पिढ्या कुणी केलं? सासवांनी, सुनांनी, आजेसासवांनी. गाळण्याला भोक पडलं तर बोलणी त्यांनीच खाल्ली. श्रेय घ्यायची वेळ आली की मात्र माइक दुसऱ्याच्या हातात. आणि आज? स्वयंपाकघरात आरओचं मशीन, नळाला नावापुरती फडक्याची पिशवी, धर्मशाळेत जेवणावळीला प्लास्टिकच्या बाटल्यांचे खोके. एवढ्यावर आपण विज्ञानाला मार्क द्यायला निघालो!

बायांनो, नियम सोडा असं मी म्हणत नाही. मीही गाळूनच पिते. पण पुढच्या वेळी ते वाक्य कानावर आलं की मान डोलावू नका, उठून विचारा: आपल्याकडे भांडी घासायला येणारी बाई घरी कुठलं पाणी पिते? मंदिराच्या फरशीला देणग्यांच्या पाट्या आहेत, वस्तीवरच्या पाण्याच्या टाकीला झाकण आहे का? उत्तर देता आलं नाही, तर निदान त्या दिवशी नारूचं नाव घेऊ नका म्हणावं.