नास्तिकाची 'श्रद्धा': एक फसवी ढाल

'नास्तिकाचीही श्रद्धाच असते. त्याची "देव नाही" यावर, आपली "देव आहे" यावर,' हा युक्तिवाद आपल्या घराघरांत ऐकू येतो. आम्हांस तो घातक वाटतो. त्याने नास्तिकाचे खंडन होत नाही, श्रद्धेचेच अवमूल्यन होते. दोन्ही मते सारखीच निराधार, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

ख्रिस्तसभेची शिकवण अशी नाही. मानवी बुद्धीला सृष्टीवरून परमेश्वराचे अस्तित्व निश्चितपणे जाणता येते, असे पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० साली घोषित केले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९८ सालच्या आपल्या परिपत्रकात श्रद्धा आणि बुद्धी यांच्या याच नात्याचा पुरस्कार केला. श्रद्धा म्हणजे पुराव्याअभावी बांधलेली अटकळ नव्हे. स्वतःला प्रकट करणाऱ्या परमेश्वराला, त्याच्याच कृपेने, मानवाने दिलेला तो होकार होय. नास्तिकाचे म्हणणे वेगळे असते: पुरावा पुरेसा नाही. त्यास उत्तर द्यावयास हवे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तर १९६५ साली श्रद्धावंतांनाच जाब विचारला. धर्मशिक्षणाची हेळसांड, सिद्धांतांची सदोष मांडणी आणि आचरणातील उणिवा यांमुळे नास्तिकतेच्या उगमात त्यांचाही वाटा असू शकतो, असे तिने बजावले.

वाचकहो, कॉलेजात जाणारा मुलगा मिस्सा चुकवू लागतो आणि प्रश्न विचारतो, तेव्हा 'तुझीही श्रद्धाच' म्हणून त्याला गप्प करू नका. त्याच्याबरोबर बसा, वाचा, आपल्या धर्मगुरूंनाही प्रश्न विचारा. तो विचारतो आहे, तोवर संवाद तुटलेला नाही.